आठ दुणे सोळा?

आहे त्याला जोड द्यावी, की आहे ते बाजूला सारून नवे आणावे, हा प्रश्न संसारी माणसाला वारंवार पडतो. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांचा कौल जोड देण्याकडे असतो. कुटुंब वाढले की जुन्या घराला पडवी काढायची, थोरल्याचा सदरा धाकट्यासाठी आखूड करायचा, हे वळण आमच्या वाडवडिलांनी लावले आणि त्याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु संगणकाच्या पेटीत हे वळण कितपत चालते, हे पाहण्याचा प्रसंग मध्यंतरी आमच्या कुटुंबात आला.

आमचा पुतण्या संगणकावर त्रिमित चित्रे रचतो. वसईच्या किल्ल्यातील सेंट जोसेफ चर्चचा मनोरा आजही उभा आहे. छप्पर मात्र केव्हाच गेले. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला, त्यापूर्वी हे मंदिर कसे दिसत असेल, याची प्रतिमा तो 'ब्लेंडर' या प्रणालीत घडवीत आहे. त्याच्या संगणकात २०१६ साली बाजारात आलेले जीफोर्स जीटीएक्स १०७० हे ग्राफिक्स कार्ड होते. दगडांचे बारकावे वाढू लागले तसे काम मध्येच बंद पडू लागले. तसलेच वापरलेले कार्ड स्वस्तात मिळत होते. आमच्या थोरल्या बंधूंनी लगेच हिशेब मांडला. एका कार्डाची मेमरी ८ गिगाबाइट; दोन झाली की आठ दुणे सोळा. मग नव्याचा खर्च कशाला?

पाढा बिनचूक होता. पण ही कार्डे पाढा मानीत नाहीत. दोन कार्डे मिळून एकच दृश्य रंगवू लागली, की त्यातील प्रत्येक दगड आणि प्रत्येक कमान दोघांनाही आपापल्या मेमरीत ठेवावी लागते. कोठारे दोन, पण आतील धान्य तेच. जे दृश्य एका कार्डात मावत नाही, ते शेजारी दुसरे बसविल्याने मावू लागत नाही.

जोडकार्डांची कल्पना तशी जुनी. १९९८ साली थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू-२ कार्डांची जोडी लावता येई. पडद्यावरील एकाआड एक ओळ प्रत्येकाने रंगवायची. पुढे ही कंपनी एनव्हिडियाच्या छायेत गेली आणि २००४ साली एनव्हिडियाने ती कल्पना नव्या रूपात आणली. एक चित्र पहिल्या कार्डाने, पुढचे दुसऱ्याने, अशी वाटणी रूढ झाली. आकड्यांत वेग वाढलेला दिसे. पण चित्रे समान अंतराने येत नसत आणि डोळ्यांना अडखळ जाणवे. शिवाय प्रत्येक खेळासाठी वेगळी जुळवणी करावी लागे. २०२० च्या मालिकेत जोडणीची सोय सर्वांत वरच्या ३०९० कार्डापुरती उरली आणि २०२२ च्या ४०९० कार्डातून तीही गेली.

तरीही बंधूंचा विचार अगदीच टाकाऊ नव्हता. ब्लेंडरमध्ये प्रतिमेचे काम दोन कार्डांत सरळ वाटता येते. त्यासाठी कार्डे एकमेकांना जोडावीही लागत नाहीत. ज्याचे दृश्य मेमरीत मावते आणि केवळ वेळ फार लागतो, त्याने दुसरे कार्ड घ्यावे; वेळ जवळजवळ निम्मा होतो. आमच्या पुतण्याची अडचण वेळेची नव्हती, जागेची होती.

मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशूने सांगितले आहे. काका-पुतणे आणि बंधू असे आम्ही तिघे एका रविवारी मिस्सानंतर कागद घेऊन बसलो. एका १०७० कार्डाला १५० वॉट वीज लागते, दोहोंना ३००. म्हणजे वीजपुरवठ्याचा डबाही मोठा हवा आणि पेटीतील उष्णता वसईच्या मे महिन्यात बाहेर कशी काढायची, हा निराळा प्रश्न. उलट, २०२१ साली आलेल्या आरटीएक्स ३०६० या एकाच कार्डात १२ गिगाबाइट मेमरी, विजेची भूक १७० वॉट आणि प्रकाशकिरणांच्या आकडेमोडीसाठी खास यंत्रणा. पैसे अर्थातच अधिक. पुतण्याने लग्नसमारंभांच्या चित्रफिती जुळवून साठविलेली रक्कम पुढे केली, उरलेली भर बंधूंनी घातली. कागदावरच्या सोळापेक्षा खरे बारा मोठे, हे त्यांना पटले होते.

जुने कार्ड आम्ही टाकले नाही. शेजारची एक मुलगी चित्रफिती जुळविण्याचे काम शिकते. तिच्या संगणकात ते बसविले. तिच्या कामाला ते पुरेसे आहे, हे पाहून बंधूंच्या मनातील शेवटची रुखरुखही गेली.

काटकसर हा सद्गुणच आहे. पण नेमके काय कमी पडते आहे, हे विचारल्यावाचून केलेली काटकसर खर्चातच पाडते. वेळ कमी पडत असेल तर सोबती शोधावा. जागाच कमी पडत असेल, तर कितीही सोबती आणले तरी प्रत्येकाच्या दारी तीच अडचण उभी राहते.