दोन संगणक आणि एक परवाना

शाळेच्या स्मरणिकेसाठी काही लिहून पाठवावे, असा निरोप आला तेव्हा आम्हा उभयतांच्या मनात प्रथम आठवणीच दाटून आल्या. परंतु वसतिगृहाच्या, भोजनगृहाच्या आणि मैदानाच्या आठवणी आमच्याहून समर्थ लेखणीने या अंकात उतरतील, याची आम्हांस खात्री आहे. म्हणून आम्ही गेल्या दिवाळीतील एका घरगुती कामाविषयी लिहिण्याचे ठरविले. काम दिसावयास साधे होते. घरातील दोन संगणकांपैकी एकावरील विंडोजचा परवाना दुसऱ्यावर न्यावयाचा होता. ते करीत असताना जो प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला, तो या शाळेत वाढलेल्या कोणासही परका वाटणार नाही.

आम्ही दोघेही या शाळेचे माजी विद्यार्थी असून सध्या नागपूरच्या दक्षिणेस, मिहानच्या कडेला राहतो. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांच्या शेतजमिनींवर हा प्रकल्प उभा राहिला आणि टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल यांसारख्या कंपन्या तेथे आल्या. आमच्यापैकी एक जण तेथील विशेष आर्थिक क्षेत्रातील एका कंपनीत नोकरी करतो. दुसरी घरी बसून लहान दुकानदारांचे हिशेब लिहिते व त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरते. घरात तिसऱ्या आई. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या आणि गेली काही वर्षे आपल्या आयुष्याची हकीकत संगणकावर टंकित करीत आहेत.

मिहानमध्ये काम करणाऱ्यास एक गोष्ट लवकर समजते. २००५ च्या कायद्यानुसार विशेष आर्थिक क्षेत्र हे तेथील अधिकृत कामकाजापुरते देशाच्या सीमाशुल्क हद्दीबाहेरचे मानले जाते. तेथील यंत्रसामग्री देशांतर्गत बाजारात आणावयाची झाल्यास ती आयात समजून शुल्क आकारले जाते. त्यामुळे कंपनीचा संगणक फाटकाबाहेर नेताना त्याची नोंद लागते. आत असलेला आणि बाहेर असलेला संगणक दिसावयास एकच, पण तो कोणत्या अटींवर आपल्या हाती आहे, हे फाटकापाशी बदलते. संगणकाच्या आत असलेल्या कार्यप्रणालीचेही असेच असते, हे आम्हांस घरी उमजले.

आमच्याकडील टेबलावरचा संगणक २०१६ साली सीताबर्डीवरून सुटे भाग घेऊन जोडविलेला. त्यासाठी विंडोज १० ची प्रो आवृत्ती आम्ही स्वतंत्र पेटीत, पावतीसह विकत घेतली होती. त्यावर आई लिहीत असत. दुसरा लॅपटॉप २०२२ चा. त्यात विंडोज ११ ची ‘होम सिंगल लँग्वेज’ आवृत्ती कारखान्यातूनच घालून आली होती. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बहुतेक स्वस्त लॅपटॉपवर हीच आवृत्ती असते आणि तिच्या नावाचा अर्थ फारसे कोणी पाहत नाही. पडद्यावरील सूचना एकाच भाषेत दाखविण्याची मुभा तीत असते. मराठी लिहिता येते, पण सारा पडदा मराठीत करता येत नाही.

१४ ऑक्टोबर ही तारीख नागपूरकरांच्या मनात १९५६ पासून कोरलेली आहे. २०२५ साली ती आणखी एका कारणाने आमच्या दिनदर्शिकेवर आली. त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आणखी एक वर्ष मिळणार होत्या, पण तो तात्पुरताच इलाज होता. टेबलावरचा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता, कारण त्याचा प्रोसेसर मान्य यादीतील नव्हता आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिपही त्यात नव्हती. म्हणजे आमची प्रो आवृत्ती निवृत्तीला आलेल्या यंत्रावर अडकून पडलेली, आणि ज्या लॅपटॉपमध्ये पस्तीस-चाळीस दुकानदारांचे हिशेब होते, त्याला तिची खरी गरज. प्रोमध्ये डिस्कवरील सर्व माहिती कुलूपबंद ठेवणारे बिटलॉकर पूर्ण स्वरूपात मिळते. लॅपटॉप प्रवासात हरवला, तरी लोकांचे व्यवहार तिऱ्हाइताच्या हाती लागू नयेत, ही आमची मुख्य चिंता होती.

तेव्हा दोन्ही संगणकांच्या आवृत्त्या परस्पर बदलाव्यात, प्रो लॅपटॉपवर यावी आणि होम टेबलावर जावी, असा सरळ हिशेब आम्ही मांडला. परवान्याच्या अटी वाचल्यावर मात्र ही अदलाबदल एकाच बाजूने होऊ शकते, असे दिसले. स्वतंत्रपणे घेतलेला किरकोळ विक्रीचा परवाना आपल्या दुसऱ्या यंत्रावर नेता येतो, फक्त आधीच्या यंत्रावरून तो काढून टाकावा लागतो. कारखान्यातून यंत्राबरोबर आलेला परवाना त्या यंत्राचाच असतो. यंत्र विकले तर तो यंत्राबरोबर नव्या मालकाकडे जातो, पण दुसऱ्या यंत्रात शिरू शकत नाही. त्याची किल्ली मदरबोर्डवरील चिपमध्येच लिहिलेली असते. लॅपटॉपवर विंडोज नव्याने घातली, तरी ती किल्ली वाचून बहुधा न विचारताच होम आवृत्ती बसते, ती याचमुळे. आपला परवाना कोणत्या जातीचा आहे, हे कळावयाचा मार्गही सोपा आहे. आज्ञापटावर ‘एसएलएमजीआर’ ही आज्ञा ‘डीएलआय’ या जोडणीसह दिली की छोट्या चौकटीत ‘रिटेल’ किंवा ‘ओईएम’ असे उत्तर मिळते.

याच सुमारास आम्ही एका दुकानात चौकशीस गेलो. दुकानदाराने आमची अडचण ऐकून घेतली आणि हसून म्हटले, “एवढ्यासाठी कशाला डोकं शिणवता? एकच किल्ली दोन्हीकडे लावून देतो. नाही चालली तर माझ्याकडे दुसरी युक्ती आहे. घरात कोण येतं तपासायला?” तो वाईट मनुष्य नव्हता. त्याच्या दृष्टीने तो आमचे पैसे वाचवीत होता. परंतु त्याच्या प्रश्नातच आमची गोष्ट आली होती. १९८४ च्या दुरुस्तीने संगणकीय आज्ञावली आपल्या देशाच्या स्वामित्वहक्क कायद्यात साहित्यकृतीच्या व्याख्येत आली. पुढे त्यात आलेल्या कलम ६३-ब नुसार अनधिकृत प्रत जाणूनबुजून वापरणे हा गुन्हा आहे आणि त्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगितला आहे. व्यापारी लाभासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकते. आमचा लॅपटॉप तर व्यवसायाचाच. तरीही खरे सांगावयाचे तर आम्हांस कायद्याचे भय वाटले नाही. दुकानदारांच्या विवरणपत्रांखाली त्यांच्या विश्वासावर काम करणारी व्यक्ती स्वतःच उसन्या किल्लीने उघडलेल्या यंत्रावर बसली आहे, ही कल्पनाच सहन होईना.

न दिलेले न घेणे, हे शील आपण सर्वांनी या शाळेच्या प्रार्थनासभेत रोज सकाळी उच्चारले आहे. लहानपणी त्याचा अर्थ चोरी न करणे एवढाच कळत होता. परवान्याच्या बाबतीत त्या शीलाला आधी एक चौकशी जोडावी लागते. मुळात दिले काय, आणि ते कोणाला दिले? आपल्या शाळेत ही चौकशी आपोआप होत असे. वर्गातला बाक त्या खोलीचा असे, तो उचलून कोणी वसतिगृहात नेत नसे. क्रमांक घातलेले ताट विद्यार्थ्याला मिळे, पण जाताना ते कोठीत जमा केल्याखेरीज दुसऱ्याच्या नावे चढत नसे. आणि आवारातल्या हातपंपाचे पाणी सर्वांचे, हापसेल त्याचे. लॅपटॉपबरोबर आलेली होम आवृत्ती बाकासारखी होती. पेटीतून आणलेली प्रो ताटासारखी होती. तिसऱ्या प्रकाराचा विचार आम्ही तोवर केला नव्हता.

तो आईंमुळे करावा लागला. प्रो लॅपटॉपवर गेल्यावर टेबलावरच्या संगणकाला काहीच उरत नव्हते. नवा परवाना घेऊनही विंडोज ११ त्या यंत्राला मानवणार नव्हती. तेव्हा त्यावर लिनक्स घालावे, असे आम्ही सुचविले. लिनस टोरवाल्ड्‌स यांनी १९९१ साली लिनक्सचे मूळ केंद्र लिहिले आणि पुढच्याच वर्षी ते जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणले. वापरा, पाहा, बदला, इतरांना द्या, मात्र पुढे देताना हेच स्वातंत्र्य त्यांनाही द्या, अशी त्या परवान्याची अट आहे. हातपंपाशी त्याचे नाते आम्हांस तेथे दिसले. आईंना ही सारी मीमांसा नको होती. त्यांनी एवढेच विचारले, “माझं लिहिलेलं सगळं तिथंच राहील ना? पुन्हा पहिल्यापासून लिहायला आता माझ्याकडे वर्षं नाहीत.”

या एका वाक्याने कामाचा क्रम ठरला. प्रथम आईंच्या सर्व फायली दोन वेगवेगळ्या बाह्य डिस्कवर उतरविल्या आणि प्रत्येक फाइल लॅपटॉपवर उघडून पाहिली. त्यांचे लेखन युनिकोडमध्ये होते, हे सुदैव. जुन्या बिगर-युनिकोड टंकांत ते असते, तर तो टंक नसलेल्या यंत्रावर सारा मजकूर अगम्य चिन्हांचा झाला असता. लॅपटॉपवरील हिशेबांचीही प्रत घेतली, कूटबंधनाची पुनर्प्राप्ती-किल्ली कागदावर लिहून कपाटात ठेवली. मग टेबलावरच्या संगणकावर ‘एसएलएमजीआर’ला ‘यूपीके’ जोडून परवान्याची किल्ली काढली आणि ‘सीपीकेवाय’ जोडून तिची नोंद पुसली. लॅपटॉपवर सेटिंग्जमधील सक्रियकरणाच्या पानावर जाऊन पेटीवरची पंचवीस अक्षरांची किल्ली भरली. विंडोज १० ची किल्ली विंडोज ११ लाही चालते. होमवरून प्रोकडे जाताना फायली व प्रोग्राम जागच्या जागी राहतात. उलट प्रोवरून होमकडे उतरावयाचे तर सारे पुसून नव्याने बसवावे लागते. वर जाण्याची पायरी आहे, खाली येण्याची नाही, हे आधी ठाऊक असणे हिताचे.

लॅपटॉप पुन्हा सुरू झाला आणि प्रो दिसू लागली, पण सक्रियकरण अडले, कारण ती किल्ली जुन्या यंत्राच्या नावे नोंदलेली होती. अशा वेळी दूरध्वनीने सक्रियकरण करता येत असे. यंत्रवत आवाजाने अंकांचे गट मागितले आणि मग विचारले, ही प्रत सध्या किती संगणकांवर बसविलेली आहे? आम्ही एकचा आकडा दाबला. दुकानातील सल्ला मानला असता तर याच उत्तरासाठी खोटे बोलावे लागले असते. तपासायला कोणी आले नव्हते, विचारणारा माणूसही नव्हता, तरीही उत्तर खरे होते, याचे आम्हांस समाधान वाटले.

दुसऱ्या दिवशी टेबलावर लिनक्स आले. पडद्यावरील बहुतेक सूचना मराठीत दिसू लागल्या, आणि इन्स्क्रिप्ट कळफलक दोन्हीकडे तोच असल्याने आईंच्या बोटांना नवे काही शिकावे लागले नाही. अक्षरांचे वळण तेवढे बदलले. मंगल हा टंक विंडोजबरोबर येतो, तिच्याबरोबरच तो गेला. त्याच्या जागी लोहित आणि नोटो हे मुक्त टंक निवडले. चार दिवस आईंनी “हे माझं अक्षर वाटत नाही,” अशी तक्रार केली आणि पाचव्या दिवशी नवे प्रकरण सुरू केले.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आपले जुने संगणक शाळेच्या संगणक कक्षाला किंवा गावाकडच्या भावंडांना देतात. विंडोज ११ मुळे असे संगणक येत्या काळात अधिकच निघतील. ते देताना प्रत्येक यंत्राबरोबर एक कागद जोडावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यावर आवृत्तीचे नाव, परवाना यंत्राचा की पेटीतला, आणि असल्यास पावतीची प्रत असावी. पेटीतला परवाना स्वतःकडे ठेवावयाचा असेल तर तो आधी यंत्रावरून काढावा. ज्या यंत्रावर देण्याजोगा परवानाच नाही, त्यावर लिनक्स घालून द्यावे. मुलांच्या हाती पडणारे पहिले यंत्र न दिलेल्या गोष्टीवर चालणारे नसावे. या कामी कोणास अडचण आली, तर खापरीच्या बाजूस आमचे घर आहे आणि रविवारी आम्ही घरीच असतो.