अण्णांचं भिंग

नादुरुस्त वस्तूंची आमच्या पिंगुळीच्या घरात कधीच वानवा नव्हती. पण त्यातल्या एकीनेही माझी झोप उडवली नव्हती. ती उडवली अण्णांच्या कॅमेऱ्याच्या लेन्सने.

अण्णा बोटीवर होते. १९६८ साली जपानातून त्यांनी पेंटॅक्स स्पॉटमॅटिक आणला, त्यावर ५५ मिलिमीटरची सुपर-टाकुमार लेन्स. तिच्या पोटात सहा पातळ पाती असतात. उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसते ना, तेच त्यांचं काम. खटका दाबला की क्षणात मिटायचं आणि पुन्हा उघडायचं. लेन्स ज्या आट्यांवर फिरते त्यांतलं ग्रीस उन्हाळ्यात पाघळलं आणि पात्यांवर येऊन बसलं. मग पाती कचेरीतल्या फायलीसारखी सरकू लागली. ती मिटेपर्यंत फोटो निघून गेलेला! भोगव्याच्या किनाऱ्यावर भर दुपारी काढलेल्या फोटोत आमचं अख्खं कुटुंब नुकतंच पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं दिसतं. हल्ली तर पाती सरकायचीही थांबली. कायमची उघडी.

"थेंबभर खोबऱ्याचा तेल सोड मरे," शेजारचे तात्या म्हणाले. तात्यांच्या मते जगातल्या सगळ्या वस्तू म्हणजे बिजागऱ्याच. दुखणंच तेलाचं, आणि औषध म्हणून पुन्हा तेल!

रात्री मात्र ही लेन्स शहाणी. गुढीपुरात ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करतात. पडद्यामागे दिवा, बाकी काळोख. तिथे पाती मिटायचीच नसतात. २०२१ साली परशुराम गंगावण्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा अण्णांनी त्या खेळांचे आपले जुने फोटो ट्रंकेतून काढून वाडीभर फिरवले. तेव्हा आहे तशी ठेवून फक्त रात्रीचे फोटो काढावेत, असाही एक विचार मनात आला. पण आमच्याकडची लग्नं दुपारी लागतात.

मुंबईला फोर्टातल्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. "पाती सुटी करायची, पेट्रोलने धुवायची, कोरडी बसवायची," तो म्हणाला. "पण एखादं वाकलं, तर नवीन मिळायचं नाही."

"तेवढ्या पैशांत दुसरी जुनी लेन्स येईल," बायको म्हणाली. हिशेब बरोबर होता. आमच्या घरात तिचाच हिशेब बरोबर असतो. पण ती दुसरी लेन्स अण्णांची नसेल, हे हिशेबात कुठे मांडायचं ते मला सुचेना.

महिनाभर हा घोळ चालला. शेवटी पडवीतल्या आरामखुर्चीतून अण्णा कडाडले, "माझ्या डोळ्यातला भिंग बदलल्यानी, तेव्हा पाव तास तरी इचार केलंस? मोतीबिंदू म्हटल्यार थेट गाडीत घातलंस! आणि ह्येका म्हयनो?"

यावर मला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी लेन्स आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि कुडाळ स्टेशनला जायला रिक्षा बोलावली. अण्णा काठी टेकत फाटकापर्यंत आले.

"पाती सहा आसत," ते म्हणाले. "परत घेताना मोजून घे."