दारातल्या कोलममधून शिकूया रेषा आणि कोन

गेल्या महिन्यात माझी भाची गणिताची वही घेऊन रडत बसली होती. ५० अंशांचा कोन तिने १३० मोजला होता. मला माझी शाळा आठवली. याच चुकीसाठी मला वर्गाबाहेर उभं केलं होतं. तेव्हापासून भूमितीची जी धास्ती बसली, ती बी.ए. इंग्रजी झाल्यावरच सुटली. भाचीचं असं होऊ द्यायचं नव्हतं.

आम्ही तंजावरचे मराठी. घरात मराठी बोलतो आणि दारात तमिळ शेजाऱ्यांसारखं कोलम काढतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सडा घातल्यावर मी भाचीच्या हातात तांदळाचं पीठ दिलं.

चौकोनात चार ठिपके काढले. शेजारचे ठिपके जोडले की कोपऱ्यात काटकोन तयार होतो, ९० अंशांचा. मग समोरासमोरचे ठिपके तिरके जोडले. "आत्या, कोन अर्धा झाला!" म्हणजे ४५ अंश. शाळेतलं 'कोणम्' आणि घरातला 'कोन' एकच, हेही तिला तिथेच कळलं.

मग मी विचारलं, "रेघा लांब केल्या तर कोन मोठा होईल का?" ती म्हणाली, "हो." बहुतेक मुलं हेच म्हणतात. तुम्हीही करून बघा. रद्दी कागदाला एक घडी घाला. मग ती घडी तिच्यावरच नीट जुळेल अशी दुसरी घाला. झाला काटकोन! हा कागद लहान कोलमवर ठेवा, मोठ्या कोलमवर ठेवा, कोपरा तेवढाच भरतो.

कोनमापक हातात घेण्याआधी मुलांना एकच प्रश्न विचारा: हा कोन कागदापेक्षा लहान की मोठा? लहान असेल तर उत्तर ९० च्या आतच हवं. मग ५० चे १३० होत नाहीत, कारण कोनमापकावरची कोणती ओळ वाचायची ते आधीच ठरलेलं असतं.

रविवारी आम्ही बृहदीश्वराच्या मंदिरात गेलो. तिथे भिंतीवर १८०३ सालचा भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे. त्याच्या ओळींवर हवेतच बोट फिरवत भाची म्हणाली, "या ओळी एकमेकींना भेटतच नाहीत." समांतर रेषा! मग तिने १३ मजली विमानाकडे मान वर केली. "आणि त्या कडा वर जाऊन जवळ येतात. म्हणजे त्या समांतर नाहीत."

हे मी तिला शिकवलं नव्हतं.

अजूनही ती चुकते. पण आता रडत नाही, कागदाची घडी शोधते. उद्या सकाळी तुमच्या घरातही काटकोन शोधा. पहिला कोणाला सापडतो, बघा!