डाग निघतो, ओरखडा निघत नाही

वस्तीत कुणाकडे चांगला कॅमेरा आला की तो एका घराचा राहत नाही. बारसे असो, लग्न असो, सभा असो, सगळ्यांना तो हवा असतो. आज मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे, तरी मोठ्या कॅमेऱ्यावर चार पैसे मिळवणारी होतकरू मुले आमच्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी ते भिंग म्हणजे सुताराची करवत किंवा शिंप्याची मशीन. म्हणून आज थोडे या भिंगाविषयी.

आमच्या शेजारच्या चाळीतील एका मुलाने पतपेढीचे कर्ज काढून जुना कॅमेरा घेतला. एका बारशात एका लहानग्याने जिलेबीचे बोट थेट भिंगावर टेकवले. लहानग्याच्या काकांनी लगेच खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. मुलाने हात आडवा धरला. म्हणाला, "राहू द्या काका. डाग मी घरी जाऊन काढीन, ओरखडा मात्र कुणालाच काढता येत नाही." काकांना थोडा राग आला, पण मुलाचे म्हणणे सोळा आणे खरे होते. कर्जाचे हप्ते अजून फिटायचे होते. आम्ही कारकुनी करणारी माणसे, हिशेब चटकन ध्यानात येतो.

असे का, ते समजून घेऊ या. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. तो फिरू नये म्हणून भिंगावर अतिशय पातळ लेप देतात. जर्मनीतील झाईस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ साली ही युक्ती शोधली. हा लेप केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पटींनी पातळ असतो. टॉवेलात किंवा सदऱ्याच्या टोकात अडकलेला धुळीचा एक कण त्यावर घासला गेला तरी रेघ उमटते.

म्हणून आधी धूळ, मग डाग, हा क्रम कधी मोडू नये. रबरी फुग्याच्या ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे तुषार उडतात. उरलेली धूळ स्वच्छ, मऊ ब्रशने हलकेच झटकावी. त्यानंतरच कापड हाती घ्यावे. चष्म्याच्या दुकानात मिळणारे मायक्रोफायबरचे धुतलेले, कोरडे कापड उत्तम.

डाग चिवट असेल तर तो कशाचा आहे हे आधी पाहावे. बोटाचा, तेलाचा डाग लेन्स पुसण्याच्या द्रावणाने किंवा शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. जिलेबीचा पाक किंवा समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बसलेले मीठ अल्कोहोलने नीट विरघळत नाही. त्याला शुद्ध पाणीच हवे. औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीच्या पाण्याची छोटी कुपी मिळते, तेवढे पुरते. नळाचे पाणी सुकले की क्षाराचे पांढरे ठिपके मागे ठेवते.

थेंब कापडावर घ्यावा, भिंगावर टाकू नये. नाहीतर ओल कडेने आत शिरते. मधून सुरुवात करून गोल गोल फिरवत कडेपर्यंत यावे, तेही जोर न लावता. नाही निघाला तर कापडाची स्वच्छ बाजू घेऊन पुन्हा करावे. आमच्या त्या मुलाने पाकाचा डाग तीन वेळा पुसून काढला, पण बोट एकदाही दाबले नाही.

घरातले झटपट उपाय करू नका. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात. नेलपॉलिश काढण्याच्या द्रवातील अॅसिटोन प्लास्टिक खातो. सॅनिटायझरमध्ये ग्लिसरीन व सुगंध असतो, त्याचा चिकट थर उरतो. खिडक्या पुसण्याच्या फवाऱ्यात अमोनिया असू शकतो.

पावसाळ्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले व पुसून गेले नाहीत, तर ती आतली बुरशी समजावी. भिंग स्वतः उघडू नये, जाणत्या कारागिराकडे द्यावे. मात्र उशीर करू नये, कारण जुनी बुरशी काच कोरते. ती होऊच नये म्हणून कॅमेरा चामड्याच्या पिशवीत बंद कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा आणि अधूनमधून वापरत राहा.

शेवटचे म्हणजे, भिंगावरचा एखादा बारीक ठिपका फोटोत बहुधा दिसतही नाही. तो नुसता डोळ्यांना खुपतो म्हणून घासत बसू नये. समोरून ऊन आले की फोटो धुरकट येतो, असे होऊ लागले तरच पुसायला घ्यावे. आणि कुणी प्रेमाने टॉवेल पुढे केला, तर त्या मुलासारखे नम्रपणे पण ठामपणे 'राहू द्या' म्हणावे. वस्तू आपल्या घामाची आहे.