भीतीची सोबत



मुरारच्या आमच्या वस्तीवरून लढाऊ विमाने गर्जना करीत जातात. महाराजपुऱ्याचा हवाई तळ येथून जवळच आहे. मुले खेळ थांबवून आकाशाकडे पाहतात. मी मात्र मान खाली घालीत असे. संकोच सोडून सांगतो, मला विमानाचे भय वाटते.

हे भय निराधार आहे, असे ग्वाल्हेरात कोण म्हणेल? येथील माधवराव शिंदे ३० सप्टेंबर २००१ रोजी मैनपुरीजवळ विमान कोसळून निवर्तले. विमानातील कोणीही वाचले नाही. २८ जानेवारी २०२३ रोजी याच तळावरून निघालेली दोन लढाऊ विमाने कोसळली व एका वैमानिकाचा अंत झाला. अशा वार्तांचा आधार घेऊन मी आपल्या भीतीला शहाणपण म्हणत आलो.

त्या शहाणपणाची किंमत मला २०१९ साली कळली. एके दिवशी पहाटे वसईहून धाकट्या भावाचा फोन आला, “आई अत्यवस्थ आहे, तुझीच वाट पाहते आहे.” दिल्ली गाठून विमान धरले असते, तर मी रात्रीपर्यंत घरी पोहोचलो असतो. मी पंजाब मेलमध्ये बसलो. दुसऱ्या दिवशी घराच्या अंगणात शिरलो तेव्हा बायका रोजरी म्हणत होत्या. पहाटे तीन वाजता आईने डोळे मिटले होते. “विमानाचे तिकीट मिळाले नाही,” असे मी भावाला सांगितले. ते असत्य होते.

पुष्कळ दिवसांनी हे मी एका वृद्ध मराठी गृहस्थांपाशी बोललो. हवाई दलात विमानांची देखभाल करून ते निवृत्त झालेले. ते हसले नाहीत. म्हणाले, “फादर, खडबडीत वाटेवर बैलगाडी हादरते, तसे विमान हवेत हादरते. पंख वाकतात, कारण ते वाकावेत असेच घडवलेले असतात. उड्डाणात येऊ शकेल त्या सर्वाधिक भाराच्या दीडपट भार त्यांनी सोसलाच पाहिजे, असा दंडक आहे.” मग त्यांनी विचारले, “आणि रस्त्याची भीती कशी वाटत नाही तुम्हाला?” २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. तरी मी रोज मोटारसायकल काढून आजाऱ्यांच्या भेटीस जातोच!

ज्ञानाने भीती थोडी उणावली. गेली मात्र नाही. गेल्या वर्षी बहिणीची शस्त्रक्रिया ठरली. “दादा, तू येशील ना?” एवढेच ती म्हणाली. या वेळी मी दिल्लीहून विमानात बसलो. वैमानिकांची आश्रयदात्री म्हणून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली लोरेतोच्या मातेला घोषित केले. तिचे नाव घेत मी पट्टा आवळला. वाटेत विमान जोराने हादरू लागले. तळहातांना घाम फुटला. मी शेजारच्या धिप्पाड व्यापाऱ्याला म्हणालो, “मला फार भीती वाटते.” तो हळूच म्हणाला, “मलाही.” मुंबई येईपर्यंत आम्ही एकमेकांच्या घरच्या गोष्टी बोलत राहिलो.

त्या रात्री बहिणीच्या खाटेशी बसून भावाला २०१९ चे सत्य सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “तेव्हाच सांगायचे होतेस. मी फोनवर तुझ्याशी बोलत राहिलो असतो.”

वाचकहो, आज आपल्या कितीतरी घरांतली मुले दूरदेशी आहेत आणि विमानाच्या भीतीने त्यांच्याकडे न जाणारे आईबापही आहेत. त्यांना भित्रे म्हणून हिणवू नका. त्यांच्या शेजारी बसा. आणि ज्यांना भीती वाटते, त्यांनी ती लपवू नये. माझी भीती अजून माझ्यासोबत आहे. पुढच्या प्रवासातही ती येईल. मात्र कोणाकडे केव्हा पोहोचायचे, हे आता तिला विचारून ठरवायचे नाही.