आवळण्याचा सोस

भोसरीतल्या ज्या शेडमध्ये मी इन्स्पेक्शन बघायचे, तिथे जॉइंट तापल्याची तक्रार आली की सगळे एकसुरात म्हणत, "ढिला राहिला असेल." मग पुढच्या इलेक्ट्रिक पॅनेलवर पाना आणखी जोरात फिरे. बसबार, म्हणजे करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या, जोडणारे काका तर पान्याला पाइप लावून आवळायचे. "मॅडम, हाताला कळतं," हे त्यांचं ठरलेलं.

परत आलेला अॅल्युमिनियमचा एक जॉइंट आम्ही टेबलावर खोलला. बोल्ट शाबूत, वॉशरखाली मात्र बारमध्ये गोल खळगा पडलेला. जास्त आवळल्याचा माझा संशय तिथे पक्का झाला. करंट वाहताना जॉइंट तापतो, आणि अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. स्टीलचा बोल्ट जागा देत नाही, मग नरम धातू दबतो. लोड उतरला, बार आकसला, की दाब घटतो. दाब घटला की रेझिस्टन्स वाढतो, आणि पुढच्या वेळी जॉइंट आणखी तापतो. आधीच दबलेल्या बारमध्ये हे लवकर सुरू होतं.

काकांच्या हाती टॉर्क रेंच दिला. एम-१० बोल्टला आमच्या ड्रॉइंगवर ४० न्यूटन-मीटर. 'कट्' वाजताच त्यांनी मान वर केली. "बस, एवढंच?"

पुढे कळलं, नट सरसर फिरावा म्हणून काका आट्यांना तेल लावत. कोरड्या आट्यांवर टॉर्कचा साधारण ९० टक्के भाग घर्षणातच जातो. बोल्ट ताणायला उरतो जेमतेम दहावा हिस्सा. तेलाने घर्षण घटलं, की त्याच ४०वर बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. रेंच बिचारा खरंच सांगतो, प्रश्न चुकीचा असतो. तेल बंद झालं. अॅल्युमिनियमच्या जॉइंटला साध्या स्प्रिंग वॉशरऐवजी जाड, रुंद वॉशर आणि त्यावर डिस्क वॉशर आला. परचेसवाल्यांची कुरकूर मात्र बरेच दिवस चालली.

टॉर्क झाल्यावर नटावरून बारपर्यंत मार्करची रेघ ओढायची पद्धत आधीपासून होती. रेघ सरळ, म्हणजे जॉइंट पक्का, असं सगळे धरून चालत. पण रेघ फक्त नट फिरला का एवढंच दाखवते. बार दबून सैल झालेल्या जॉइंटची रेघ तशीच सरळ राहते. म्हणून डिस्पॅचआधी तिन्ही फेजच्या जॉइंटचा रेझिस्टन्स मायक्रो-ओहममध्ये मोजून शेजारी लिहायला लागलो. एखादा आकडा वेगळा दिसला, की पाना बाजूला. जॉइंट खोलायचा, पृष्ठभाग ब्रशने साफ करायचा, जॉइंट कंपाउंड लावायचं, ते आट्यांना लागू द्यायचं नाही, आणि नव्या बोल्टने पुन्हा ४० न्यूटन-मीटर.