शेर नदीवरचा शनोन्सो

किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर, तट आणि बुरूज येतात. फ्रान्समधला शनोन्सोचा किल्ला आम्ही पाहिला तो मात्र शेर नदीच्या पात्रात पाय रोवून उभा!

येथे पूर्वी पाणचक्की होती. तिच्याच पायावर राजाच्या खजिन्याचा अधिकारी थॉमस बोहिए याने १५१३ नंतर हा वाडा उभारला. तो लढायांसाठी इटलीत असे, म्हणून बांधकामावर देखरेख केली ती त्याची पत्नी कातरीन ब्रिसोने हिने. त्या काळी फ्रान्समध्ये बहुतेक जिने गोल फिरत जात. इटलीची नवी पद्धत आली म्हणून येथला जिना सरळ चढतो. स्वयंपाकघर तर पाण्यातल्या खांबांच्या पोटात आहे, सामान होडीतून थेट तेथे येई. दगड घडवणाऱ्या पाथरवटांची नावे मात्र आम्हाला कोठेच वाचायला मिळाली नाहीत.

पुढे कर्जापोटी वाडा राजघराण्याकडे गेला. दुसऱ्या हेन्री राजाने १५४७ साली तो आपली आवडती दियान द प्वातिए हिला दिला. तिने नदीवर पूल बांधून घेतला. १५५९ साली राजा वारला. राणी कातरीन द मेदिची हिने दियानला बाहेर काढले आणि त्याच पुलावर दालन चढवले. ते ६० मीटर लांब, ६ मीटर रुंद असून त्याला १८ खिडक्या आहेत. येथे दरबारी लोकांचे नाच-जेवणावळींचे सोहळे होत.

पण आम्ही जास्त वेळ रेंगाळलो ते दुसऱ्याच कारणाने. पहिल्या महायुद्धात चॉकलेटचे कारखानदार मेनिए हे वाड्याचे मालक होते. त्यांनी नाचाच्या या दालनात खाटा मांडून इस्पितळ चालवले. दोन हजारांहून अधिक जखमी सैनिकांवर येथे उपचार झाले.

१९४० साली जर्मनांनी फ्रान्स जिंकला. सीमारेषा आली ती नेमकी शेर नदीवर. वाड्याचे मुख्य दार जर्मनांच्या ताब्यातील भागात, तर दालनाचे दक्षिणेकडचे दार पलीकडच्या मोकळ्या भागात! जीव वाचवून पळणारी कितीतरी माणसे याच दालनातून पार झाली. १९४२ च्या नोव्हेंबरात जर्मन दक्षिणेतही शिरले, तोवर ही वाट चालू होती.

आम्हीही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहिले. जेमतेम एक मिनिट लागले.